रेटिनॉलच्या आधी ती ट्यूब वाचा

«डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय ४९. सांगली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. शाळा आमच्या गावापासून दहा-बारा किलोमीटर पूर्वेला, रोज स्कूटीने जाते-येते. सुट्टीच्या दिवशी द्राक्षबागेत कामाला हात लावावा लागतो. दोन-तीन वर्षांपासून पाळी अनियमित झाली आणि चेहरा एकदम उतरला. डोळ्यांच्या कडेला, कपाळावर, वरच्या ओठावर बारीक रेघा आल्यात. गालांवर वांग आहे, त्याला मेडिकलमधून एक क्रीम आणून लावते, दोन वर्षं झाली. लावते तोवर बरं असतं, चार दिवस राहिलं की गाल लाल होतात. पुण्याच्या भाचीने दिवाळीला रेटिनॉलचं सीरम दिलं, १ टक्क्याचं. "मावशी, हे लाव, सहा महिन्यांत दहा वर्षांनी लहान दिसशील," म्हणाली. चार रात्री लावलं, चेहरा भाजल्यासारखा झाला, म्हणून ठेवून दिलं. वैशाखात मुलाचं लग्न आहे. रेटिनॉल पुन्हा सुरू करू का? सुरकुत्या खरंच जातात का? आणि सासू व्हायच्या वयात हे असलं करणं शोभतं का, तेही सांगा.»
— एक शिक्षिका

ताई, नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेते. शोभतं. गुडघे दुखायला लागले तर तेल चोळताना आपण कुणाची परवानगी घेत नाही. चेहराही शरीराचाच भाग आहे. इतकी वर्षं उन्हातान्हात राबल्यावर त्याची काळजी घ्यावीशी वाटली, तर त्यात संकोच कसला? तुमच्या वयाच्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा बरोबर मुलीला आणतात, आधी मुलीची मुरमं दाखवतात, आणि स्वतःचं दुखणं उठता उठता, दाराशी उभ्या राहून सांगतात. तुम्ही स्वतःसाठी सरळ पत्र लिहिलंत, याचा मला मनापासून आनंद झाला.

आता मुद्द्याचं. रेटिनॉलबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंय आणि मेडिकलमधल्या क्रीमबद्दल जाता जाता दोन वाक्यं. मला काळजी वाटते ती त्या दोन वाक्यांची. दोन वर्षं लावताय, लावते तोवर बरं, चार दिवस राहिलं की गाल लाल. हे वर्णन ओपीडीत इतक्या जणींकडून ऐकलंय की क्रीमचं नाव माहीत नसलं तरी आत काय असेल याचा अंदाज येतो. पण अंदाजावर विसंबू नका. ती ट्यूब आत्ता हातात घ्या.

पुढची, मोठ्या अक्षरांची बाजू सोडून द्या. मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. ट्यूब खालून गुंडाळत आणली असेल तर उलगडून सरळ करा, खोकं जपून ठेवलं असेल तर फारच छान. अक्षरं लागत नसतील तर मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा. तीन नावं शोधायची आहेत: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. मोमेटासोनच्या जागी फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असेल, तरी अर्थ तोच, ही सगळी स्टेरॉइडं आहेत. आणि ट्यूबच्या कडेला उभी लाल रेघ दिसली, 'आरएक्स' अशी खूण दिसली, तर समजा की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तुमच्या हातात यायलाच नको होतं.

या तीन औषधांचं मिश्रण मुळात वाईट नाही. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ मध्ये असं मिश्रण मांडलं. हायड्रोक्विनोन काळेपणा कमी करतं, ट्रेटिनॉइन वरच्या थराची उलाढाल वाढवतं, आणि या दोघांमुळे होणारी जळजळ स्टेरॉइड दाबून धरतं. वांगावर आम्हीही ते देतो, पण काही आठवड्यांसाठी, मध्ये तपासून, आणि मग बंद. आपल्याकडे झालं असं की तेच मिश्रण गोरं करणारं क्रीम म्हणून गावोगावी पोचलं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चेहरा खरंच उजळतो, तुकतुकीत दिसतो, शेजारीण विचारते काय लावतेस, आणि एका ट्यूबच्या दोन होतात. पुढे स्टेरॉइड आपलं काम दाखवतं. त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागतात, उन्हात गेलं की आग होते, काहींना मुरमं येतात, काहींच्या गालांवर लव वाढते. थांबवलं की चेहरा लाल होऊन सुजतो, म्हणून घाबरून परत लावलं जातं. लावलं की पुन्हा बरं वाटतं, आणि माणूस त्यातच अडकून पडतं. आपल्या देशात हे इतकं वाढलं की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असं स्वतंत्र नाव दिलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीवरच्या औषधांच्या यादीत, म्हणजे शेड्यूल एचमध्ये घातली. तरीही ती काउंटरवर मिळतात, हे तुम्ही अनुभवताच आहात. नुसतं हायड्रोक्विनोनसुद्धा वर्षानुवर्षं लावलं तर काहींच्या गालांवर निळसर काळे डाग बसतात, आणि ते काढणं वांगापेक्षाही अवघड असतं.

आता तीन नावांतलं मधलं नाव पुन्हा बघा. ट्रेटिनॉइन हा रेटिनॉलचा थोरला भाऊ. घराणं एकच, अ जीवनसत्त्वाचं. आपण चेहऱ्याला रेटिनॉल लावतो तेव्हा त्वचा आधी त्याचं रेटिनाल्डिहाइड बनवते आणि मग रेटिनॉइक अॅसिड. काम करतं ते हे शेवटचं. ट्रेटिनॉइन म्हणजे आधीच तयार असलेलं रेटिनॉइक अॅसिड. त्याला वाटेतल्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, म्हणून ते रेटिनॉलपेक्षा कितीतरी पट जोरकस. थोडक्यात, ट्यूबवर ते नाव सापडलं, तर रेटिनॉल सुरू करू का, हा तुमचा प्रश्नच बदलतो. तुम्ही दोन वर्षांपासून त्याहून तिखट औषध लावताय, सोबत त्वचा पातळ करणारं स्टेरॉइड आहे, आणि त्याच्यावर चार रात्री १ टक्क्याचं रेटिनॉल पडलं. चेहरा भाजल्यासारखा होणारच होता. यात तुमच्या त्वचेचा काही दोष नाही आणि भाचीचाही नाही. तिला या ट्यूबचं माहीतच नव्हतं.

मग आता करायचं काय? ट्यूब उकिरड्यावर फेकून मोकळं व्हायचं नाही. दोन वर्षांचं स्टेरॉइड एका दिवसात तोडलं तर चेहरा असा काही उसळतो की बाई आठवड्याच्या आत मेडिकलच्या दारात उभी राहते. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. खाजगी दवाखाना परवडत नसेल, लांब पडत असेल, तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी असते. ट्यूब आणि सीरमची बाटली दोन्ही पिशवीत घालून न्या, 'पांढरं क्रीम' एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. डॉक्टर स्टेरॉइड हळूहळू उतरवतील, जळजळ शमवायला स्टेरॉइड नसलेलं औषध देतील, आणि वांगासाठी वेगळी वाट काढतील. याला काही आठवडे लागतील, कदाचित काही महिने. मधल्या काळात चेहरा आत्तापेक्षा वाईट दिसेल असे दिवस येतील. ते आधीच माहीत असलं म्हणजे धीर सुटत नाही. या सगळ्या काळात रेटिनॉल बंद. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बाकी काही नाही.

समजा, ट्यूबवर यातलं एकही नाव निघालं नाही. तरी डॉक्टरांना दाखवा. थांबवल्यावर गाल लाल होतात, ही तक्रार बिनकारणाची नसते, आणि काही क्रीमांवर आत काय आहे ते धड छापलेलंही नसतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सुरकुत्या जातात का?

ज्या गोष्टींसाठी आज बाजारात शेकडो बाटल्या विकल्या जातात, त्यात खरोखर पुरावा असलेल्या फार थोड्या आहेत. रेटिनॉलचं घराणं त्यात सर्वांत वर आहे, हे मी निःशंकपणे सांगते. ट्रेटिनॉइनला अमेरिकेत १९७१ मध्ये मुरमांचं औषध म्हणून मान्यता मिळाली. मुरमांसाठी ते लावणाऱ्या जरा वयस्क बायका सांगू लागल्या की रेघा कमी झाल्यात, कातडी मऊ झालीय. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले तेच क्लिगमन यामागे लागले, १९८६ मध्ये त्यांनी उन्हाने वयस्क झालेल्या त्वचेवरचे परिणाम प्रसिद्ध केले, आणि १९९५ मध्ये ट्रेटिनॉइनच्या एका क्रीमला बारीक सुरकुत्यांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्यात कृष्णवर्णीय कैदी मोठ्या संख्येने होते. २०२१ मध्ये त्या विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने याबद्दल माफी मागितली. औषध चांगलं आहे, आणि ते ज्या वाटेने आलं ती वाट अन्यायाची होती. ते लिहून देणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे ठाऊक असलं पाहिजे.

साध्या रेटिनॉलचा पुरावा ट्रेटिनॉइनइतका भक्कम नाही, पण आहे. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. भाग घेणाऱ्यांचं सरासरी वय ८७ वर्षं. एका दंडाच्या आतल्या बाजूला ०.४ टक्के रेटिनॉल असलेलं लोशन, दुसऱ्या दंडाला तसंच दिसणारं पण रेटिनॉल नसलेलं, आठवड्यातून जास्तीत जास्त तीनदा, २४ आठवडे. रेटिनॉल लावलेल्या दंडाच्या बारीक सुरकुत्या कमी झाल्या, आणि त्वचेत नवं कोलॅजेन, म्हणजे कातडीला ताठपणा देणारं प्रथिन, तयार होत असल्याच्या खुणाही सापडल्या. दंडाच्या आतल्या बाजूला ऊन लागत नाही, म्हणजे ती निव्वळ वयाने सैल झालेली कातडी होती. ८७ व्या वर्षी त्वचा असा प्रतिसाद देत असेल, तर ४९ हे काही उशिराचं वय नाही.

तुमचा चेहरा दोन-तीन वर्षांत 'एकदम' उतरला, हे तुम्ही अगदी बरोबर टिपलंय. हे कोलॅजेन विशीनंतर हळूहळू कमी होतंच, पण पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत ते ३० टक्क्यांपर्यंत घटू शकतं, आणि त्याची सुरुवात पाळी अनियमित होते त्या काळातच होते. त्यात उन्हातली अतिनील किरणं कोलॅजेन तोडणारी एन्झाइम जागी करतात. रेटिनॉलचं काम या दोन्ही ठिकाणी आहे. ते तोडफोड करणाऱ्या एन्झाइमना आवर घालतं आणि नवं कोलॅजेन बनवायला चालना देतं. शिवाय वरच्या थराच्या जुन्या पेशी लवकर गळतात, रंगद्रव्य एका जागी साचून राहत नाही, म्हणून खरखरीतपणा आणि डागही फिके होतात.

पण हिशेब खरा सांगते. डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेघा, वरच्या ओठावरच्या रेघा, निस्तेज खरखरीत गाल, उन्हाचे डाग, यांवर फरक पडतो. नाकापासून ओठापर्यंत उतरलेली खोल घडी, हनुवटीखाली लोंबणारी कातडी, डोळ्यांखालचा आनुवंशिक काळेपणा, यावर फार काही होत नाही. त्वचा मऊ आणि एकसारखी वाटायला दोन-तीन महिने, रेघांमध्ये फरक दिसायला सहा महिने ते वर्ष. आणि बंद केलं की मिळवलेलं हळूहळू ओसरतं. 'दहा वर्षांनी लहान' हे भाचीचं प्रेम बोललं. मी तसं कुणालाही सांगणार नाही.

आणि त्यातही ऊन तसंच चालू राहिलं, तर रात्री कमावलेलं दिवसा जातं. तुमची शाळा गावाच्या पूर्वेला आहे. म्हणजे सकाळी जाताना ऊन तोंडावर, आणि संध्याकाळी परतताना तुम्ही पश्चिमेकडे तोंड करून येता, तेव्हाही ऊन तोंडावरच. किती वर्षांची नोकरी झाली ते तुम्ही लिहिलं नाही, पण एवढी वर्षं दोन्ही वेळचं ऊन थेट चेहऱ्याने घेतलंय. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन काही करत नाही, असं आपण धरून चालतो. भाजणारी किरणं त्या वेळी कमी असतात हे खरं, पण सुरकुत्या पाडणारी यूव्हीए किरणं दिवसभर असतात, ढगांतून येतात, काचेतूनही येतात. अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. २८ वर्षं गाडी चालवून त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू जाड, सुरकुतलेली, लोंबलेली, आणि उजवी त्यामानाने गुळगुळीत. माणूस एकच, वय एकच. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे आपल्या एसटीच्या चालकांच्या उजव्या गालाकडे कधी नीट बघा.

म्हणून मला विचाराल तर पैसे एकाच वस्तूला असतील तर सनस्क्रीन घ्या, रेटिनॉल नंतर. ऑस्ट्रेलियात शेकडो लोकांना साडेचार वर्षं दोन गटांत विभागून पाहिलं. रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय वाढणं, मनात आलं तर लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरलं. एसपीएफ ३० ते ५०, आणि पीए (यूव्हीए किरणांपासूनच्या संरक्षणाचं माप) पुढे निदान तीन अधिक चिन्हं असलेलं घ्या. वांग असल्यामुळे किंचित रंग असलेलं, आयर्न ऑक्साइड असलेलं मिळालं तर जास्त चांगलं, कारण वांग नुसत्या उजेडानेही गडद होतं आणि साधं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा काढा, एवढं सगळं चेहऱ्याला आणि गळ्याला. यापेक्षा कमी लावलं तर खोक्यावरचा आकडा तुम्हाला मिळत नाही. शाळा सुटताना, स्कूटीला किल्ली लावायच्या आधी, पुन्हा एकदा लावा. सकाळचं तोवर घामाने आणि पुसण्याने गेलेलं असतं. वर घट्ट विणीचा सुती स्कार्फ आणि हेल्मेटची काच खाली. बागेत टोपी रुंद कडेची हवी, नुसता पदर पुरत नाही.

हे सगळं मार्गी लागलं, गाल शांत झाले, पाणी लागल्यावर चरचरत नाही अशी अवस्था आली, आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की मग रेटिनॉल.

भाचीचं १ टक्क्याचं सीरम तुमच्यासाठी नाही. युरोपीय महासंघाने २०२४ मध्ये नियम केला की चेहऱ्याच्या सौंदर्यप्रसाधनांत रेटिनॉल ०.३ टक्क्यांहून जास्त नको. त्यामागे मुख्य कारण अंगात एकूण किती अ जीवनसत्त्व जातं हे होतं, पण जळजळीच्या दृष्टीनेही हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला सुरकुत्या उशिरा पडतात, ही आपली जमेची बाजू. मात्र तीच त्वचा भाजली, सोलली की त्या जागी काळा डाग ठेवते. गोऱ्या कातडीची बाई जळजळ सोसून पुढे जाते. आपल्याला जळजळीनंतर डाग निस्तरत बसावे लागतात, आणि तुम्हाला तर आधीच वांग आहे. तेव्हा ०.१ किंवा ०.२ टक्क्यापासून सुरुवात. बाटली घेताना पारदर्शक ड्रॉपरची घेऊ नका. रेटिनॉल हवा आणि उजेडाने खराब होतं, म्हणून अपारदर्शक ट्यूब किंवा पंप बघा, आणि ती कपाटात ठेवा. उन्हाळ्यात खिडकीत ठेवलेलं सीरम गडद पिवळं-तपकिरी झालं असेल तर ते टाकून द्या.

लावायची रीत अशी. आठवड्यातून दोन रात्री, समजा सोमवार आणि गुरुवार, म्हणजे विसर पडत नाही. चेहरा धुऊन टिपून पूर्ण कोरडा होऊ द्या, ओल्या त्वचेवर जास्त चुरचुरतं. आधी मॉइश्चरायझरचा पातळ हात. मग वाटाण्याएवढं रेटिनॉल, एका वाटाण्याएवढं, पुऱ्या चेहऱ्याला. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरवा. पापण्या, नाकपुड्यांच्या बाजू आणि ओठांचे कोपरे सोडा, तिथे आधीच थोडी पेट्रोलियम जेली लावून ठेवली तर उत्तम. वरून परत मॉइश्चरायझर. खोबरेल तेल लावायची सवय असेल आणि त्याने पुळ्या येत नसतील, तर सगळ्यात शेवटी चार थेंब चालतील. महिनाभर असं गेलं, त्रास नसला, की एक दिवसाआड. रोज लावलंच पाहिजे असं काही नाही. मिशिगनच्या त्या आज्यांनी आणि आजोबांनीही रोज लावलं नव्हतं.

पहिल्या काही आठवड्यांत थोडं कोरडं पडणं, तोंडाभोवती बारीक पापुद्रे निघणं हे होतंच. पण आग होत राहिली, लाली दुसऱ्या दिवशीही उतरली नाही, साधं मॉइश्चरायझर लावलं तरी झोंबायला लागलं, तर थांबा. आठवडाभर नुसतं मॉइश्चरायझर, मग आठवड्यातून एकदाच. जास्त लावून किंवा सोसून ते लवकर काम करत नाही.

रेटिनॉल चालू असताना चेहऱ्यावर लिंबू नको. बेसन-दह्यात पिळलेलंही नको, लिंबाचा रस आणि ऊन मिळून काळे चट्टे पाडतात. मसुरीच्या पिठाने, लूफाने, स्क्रबने घासणं बंद. ब्लीच बंद. आणि वरच्या ओठाला थ्रेडिंग किंवा वॅक्स करायचं असेल तर आधी निदान आठवडाभर त्या भागाला रेटिनॉल लावू नका, आणि पार्लरवाल्या ताईंना आपण रेटिनॉल लावतो हे बसल्या बसल्या सांगा. वॅक्सबरोबर वरच्या ओठाची कातडीच निघून आलेल्या बायका माझ्याकडे आल्या आहेत, आणि तिथला काळा डाग जायला कित्येक महिने गेले.

सीरम भाचीला परत द्याल तेव्हा तिला एक निरोप द्या. गरोदरपणात आणि मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असताना रेटिनॉल, ट्रेटिनॉइन यांपैकी काहीही वापरायचं नाही. याच घराण्यातलं पोटात घ्यायचं औषध, आयसोट्रेटिनॉइन, बाळात गंभीर व्यंग निर्माण करतं हे पक्कं सिद्ध झालंय. चेहऱ्याला लावलेलं रक्तात फारच थोडं जातं, तरी केवळ सुरकुत्यांसाठी तेवढाही धोका घेण्याचं कारण नाही. तुमची पाळी अनियमित आहे, थांबलेली नाही, म्हणून हे तुम्हालाही तितकंच लागू.

आता लग्न. वैशाखापर्यंत रेटिनॉलने सुरकुत्या जाणार नाहीत, हे मनाशी धरूनच चला. त्याआधी स्टेरॉइड उतरवायचं आहे, आणि तेच तुमचं यंदाचं मोठं काम. होळीपर्यंत गाल पूर्ण शांत झाले असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सुरू करा, लग्नापर्यंत त्वचा थोडी मऊ, थोडी एकसारखी दिसेल. होळीपर्यंत झाले नसतील तर लग्नाआधी सुरूच करू नका. पावसाळ्यात, शाळा रुळावर आल्यावर करा. लग्नाच्या महिनाभर आधीपासून चेहऱ्याला कुठलीही नवी वस्तू लावायची नाही. कुणी फुकट दिलं तरी नाही, पार्लरचं खास पॅकेज असलं तरी नाही. ऐन लग्नाच्या आठवड्यात रेटिनॉल पूर्ण बंद, फक्त मॉइश्चरायझर.

हळदीच्या दिवशी थट्टामस्करीत तुमच्या तोंडालाही हळद फासतील, फासू द्या. गार पाण्याने धुवा, घासून काढू नका, पिवळेपणा एक-दोन दिवसांत आपोआप जातो. मेकअप करणाऱ्या मुलीला आधीच सांगा की त्वचा नाजूक झालेली आहे, आणि तिचं सामान दोन-तीन दिवस आधी जबड्याच्या कडेला लावून बघा. वऱ्हाड वैशाखाच्या दुपारी मांडवात असेल, तेव्हा मेकअपच्या खाली सनस्क्रीन हवंच. दोन्ही बाजूंच्या आयांना त्या दिवशी सावलीत बसायला मिळत नाही.